पापणीचं ऑपरेशन झालं, पण मनाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. डोळ्यांच्या एका दवाखान्यात पेशंटशी बोलायचं काम करते, म्हणजे जे प्रश्न डॉक्टरांना विचारायला लोकांना संकोच वाटतो ते माझ्याकडे येतात, कधी केबिनमध्ये, बरेचदा रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. पन्नाशी उलटल्यावर मी स्वतःच्या दोन्ही वरच्या पापण्यांचं ऑपरेशनही करून घेतलंय, दुसऱ्या ठिकाणी. तेव्हा टाके कधी काढायचे, ड्रॉप्स किती वेळा घालायचे हे सगळं छापील कागदावर मिळालं होतं, पण तिसऱ्या दिवशी बाथरूमची कडी लावून रडायला येईल हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं. औषधं आणि जखम याबाबत तुमच्या सर्जननी जे सांगितलंय तेच धरा, इथे मुख्यतः मनाचं आहे.

ब्लेफरोप्लास्टीत, म्हणजे पापणीच्या या ऑपरेशनमध्ये, नक्की करतात काय?

वरच्या पापणीवर जी जास्तीची कातडी लोंबते ती मोजून काढतात, लागलं तर थोडा स्नायू आणि चरबीही, आणि टाके पापणीच्या घडीतच घालतात म्हणजे व्रण घडीत लपतो. डोळ्याखाली ज्या पिशव्या दिसतात ती पुढे आलेली चरबी असते, ती काढतात किंवा सरकवून बसवतात, बरेचदा पापणीच्या आतल्या बाजूने, त्यामुळे बाहेर टाका दिसतच नाही. बहुतेक वेळा जागेवरची भूल असते आणि त्याच दिवशी घरी सोडतात.

आता काय होत नाही तेही ऐका, कारण पहिलं दुःख इथूनच सुरू होतं. डोळ्याखालचा काळा रंग याने जात नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या हसतानाच्या सुरकुत्या फारशा जात नाहीत. आणि पापणीची कडच बुबुळावर उतरली असेल तर तो टोसिस, म्हणजे पापणी उचलणारा स्नायू ढिला झालेला, त्याचं ऑपरेशन वेगळं. कधीकधी पापणी ठीक असते, भुवईच खाली आलेली असते. तर पहिल्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, मला जे खुपतंय ते या ऑपरेशनने जाणार आहे का. मला भेटलेल्या नाराज पेशंटांपैकी बऱ्याच जणांचं ऑपरेशन उत्तम झालेलं होतं, फक्त त्यांना हवं होतं ते वेगळंच काहीतरी होतं.

हे नवीन फॅड आहे का? आमच्या वेळी नव्हतं असलं काही.

होतं की. पापणीच्या रोगांचं आणि त्यावरच्या शस्त्रक्रियांचं वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात ढिली पापणी कापून आवरायची पद्धत लिहून ठेवलीय. ब्लेफरोप्लास्टी हा शब्द १८१८ मध्ये जर्मन सर्जन कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी वापरला, तोही कॅन्सरमुळे गेलेली पापणी परत घडवण्यासाठी. आणि आज प्लास्टिक सर्जनांच्या आयसॅप्स या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या पाहणीत जगात सगळ्यात जास्त झालेलं कॉस्मेटिक ऑपरेशन पापणीचंच होतं, २१ लाखांच्या वर. त्यामुळे आपण काहीतरी जगावेगळं करतोय असं मनात असेल तर ते काढून टाका.

असली ऑपरेशनं करणारे लोक नटवे, स्वतःच्याच प्रेमात असलेले असतात का?

नाही हो. हा प्रश्न मला खरंच लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्याकडे जे येतात त्यात शिक्षिका आहेत, बँकेतून रिटायर झालेले आहेत, दिवसभर काउंटरवर उभे राहणारे आहेत. त्यांचं म्हणणं जवळजवळ एकाच शब्दात असतं, "थकलेली." म्हणजे आठ तास झोप झालीय, तब्येत छान आहे, आणि तरी ऑफिसात शिरल्या शिरल्या कुणीतरी विचारतं, बरं नाही का गं, रडलीस का, रात्री झोप नाही झाली का. एकदा विचारलं तर काही वाटत नाही पण रोज विचारलं, वर्षानुवर्षं विचारलं, की माणूस स्वतःच स्वतःला थकलेला समजायला लागतो. एका बाईंनी मला सांगितलं की हळदीकुंकवाला गेल्या की त्या मुद्दाम भुवया वर ताणून बसायच्या, घरी येईपर्यंत कपाळ दुखायचं. हे त्यांनी बोटाने कपाळ दाबून दाखवलं तेव्हा कपाळावरच्या तीन आडव्या रेघा मला स्पष्ट दिसत होत्या, आणि ते फक्त दिसण्यासाठीही नव्हतं, वरची कातडी पापण्यांच्या केसांवर टेकत होती, त्यामुळे वरचं नीट दिसण्यासाठीही त्यांना भुवया उचलाव्याच लागत होत्या.

याला नटवेपणा म्हणायचं का? चेहरा एक सांगतो आणि आत दुसरंच असतं, ते जुळवून घ्यावंसं वाटणं ही साधी माणसाची इच्छा आहे.

तिसऱ्या दिवशी खूप रडू आलं, पश्चात्ताप झाला. माझं काही चुकलं का?

नाही. हे इतकं नेहमीचं आहे की मी आता ऑपरेशनच्या आधीच कॅलेंडरवर त्या दिवसावर गोल करून देते.

त्याला कारणं आहेत. पापणीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ, एक मिलिमीटरपेक्षाही कमी, त्यामुळे ती भराभर सुजते आणि सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, म्हणजे ऑपरेशन होऊन दिवस पुढे जातात आणि चेहरा मात्र मागे जातो. डोळे फुगलेले, भोवती काळंनिळं, टाक्यांची दोरी दिसतेय, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटलेला. झोप धड नाही कारण दोन-तीन उश्या घेऊन उताणं झोपायचंय. वाचता येत नाही, डोळ्यात मलम असल्याने टीव्ही धूसर, डोक्यावरून आंघोळ नाही, बाहेर जाणं नाही. सूज उतरायला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर त्यांनीही झोप उडते आणि मन वरखाली होतं. त्यातून पहिल्या दोन दिवसांत घरचे आजूबाजूला असतात, तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला जातात आणि तुम्ही एकट्या घरात आरशासमोर.

माझ्या वेळी मी बेसिनवरच्या आरशावर जुना पंचा टाकला होता. चार दिवस तो तसाच होता, नवऱ्याने दाढी बाहेरच्या खोलीत छोट्या आरशात केली आणि काही विचारलं नाही, त्याचं मला अजून बरं वाटतं.

हे रडू बहुतेकांचं सूज उतरते तसं उतरतं. पण दोन आठवडे होऊन गेले, सूज बरीच गेली, आणि तरी रोज रडू येतंय, भूक नाही, कशातच मन नाही, तर "होईल बरं" म्हणून बसू नका, बोला. त्यावर खाली लिहिलंय.

साधारण कधी काय वाटतं?

प्रत्येकाचं वेगळं, पण मी पाहिलंय ते असं. पहिला दिवस आश्चर्याचा, एवढंसंच दुखलं का म्हणून. दुसरा-तिसरा वाईट. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास टाके निघतात तेव्हा एकदम हलकं वाटतं. मग एक विचित्र आठवडा येतो, लोकांत जाण्याइतपत चेहरा झालेला असतो पण तुम्हाला स्वतःला तो चेहरा अजून आपला वाटत नाही. दोन आठवड्यांत निळेपणा बहुतेक जातो. महिन्या-दीड महिन्याने दिवसातून काही तास आपण डोळ्यांबद्दल विचारच केला नाही हे लक्षात येतं, आणि ते लक्षात येणं हीच बरं होण्याची खूण समजा. व्रण पूर्ण मऊ आणि फिका व्हायला मात्र सहा महिने, कधी वर्षही लागतं.

माझा स्वभाव मुळातच काळजी करणारा आहे. मी हे ऑपरेशन करावं का?

करू नका असं मी म्हणणार नाही. मानसशास्त्रात स्वभावाचे जे पाच मोठे पैलू मानतात त्यातला एक न्यूरॉटिसिझम, नाव भयंकर आहे पण अर्थ इतकाच की मन चटकन अस्वस्थ होतं आणि शांत व्हायला वेळ घेतं. असा स्वभाव हा आजार नाही, आपल्या घराघरात अशी एक तरी मावशी असते आणि सगळ्यांची तिकिटं-औषधं तिच्याच लक्षात असतात.

पण खोटं कशाला सांगू, अशा माणसाला रिकव्हरी जड जाते. २००४ मध्ये हनिगमन, फिलिप्स आणि कॅसल यांनी कॉस्मेटिक सर्जरीनंतरच्या मनःस्थितीवरचे ३७ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात बहुसंख्य लोक समाधानी निघाले. जे नाराज राहिले त्यांच्यात काही गोष्टी परत परत दिसल्या, आधीपासून डिप्रेशन किंवा अँग्झायटी असणं, अवास्तव अपेक्षा, मुळात दोष अगदी किरकोळ असणं, आधीच्या एखाद्या ऑपरेशनवर नाराज असणं, आणि नात्यातला प्रॉब्लेम सुटावा म्हणून ऑपरेशन करणं. वय कमी असणं आणि पुरुष असणं हेही त्या यादीत होतं.

यातली एखादी गोष्ट तुम्हाला लागू पडली म्हणून दार बंद झालं असं नाही. फक्त तयारी जास्त करायची. काळजीवाल्या पेशंटना मी सांगते की सर्जनना आधीच सांगून टाका, मी घाबरट आहे, मला तिसऱ्या दिवशी एक फोन करू द्या. चांगला डॉक्टर याला नाही म्हणत नाही. आणि उलट टोकाचे, "मला काही होत नाही" म्हणणारे, त्यांच्याकडेही माझं लक्ष असतं, कारण ते पाचव्या दिवशी स्कूटर काढतात, सातव्या दिवशी जिमला जातात, आणि मग डोळा सुजला की सगळ्यात जास्त हादरतात तेच.

कोपिंग कोपिंग म्हणतात ते काय असतं?

अडचण आली की माणूस तिच्याशी कसा वागतो ते. लॅझरस आणि फोकमन या दोघांनी १९८४ मध्ये याची जी मांडणी केली ती मला अजून कामाला येते. एक प्रकार म्हणजे अडचणीलाच हात घालणं, दुसरा म्हणजे अडचण आहे तशीच आहे पण त्यामुळे जे वाटतंय ते सांभाळणं. दोन्ही लागतात, कुठे कुठलं वापरायचं हे कळलं पाहिजे.

पापणीच्या ऑपरेशनला हे अगदी नीट लागू पडतं बघा. बर्फाचा शेक वेळेवर घेणं, ड्रॉप्सचा अलार्म लावणं, डोकं उंच ठेवून झोपणं, आठवडाभराचा स्वयंपाक कोण करणार हे आधी ठरवणं, हे पहिल्या प्रकारातलं, आणि ते तुमच्या हातात आहे. पण सूज कधी उतरणार हे तुमच्या हातात नाही. तिथे तुम्ही कितीही गुगल केलं, दर तासाला फोटो काढला, मैत्रिणीच्या भाचीच्या ऑपरेशनशी तुलना केली तरी सूज एक तासही लवकर जाणार नाही, फक्त तुमचा तो तास जाईल. तिथे दुसरा प्रकार वापरायचा, म्हणजे गाणी लावा, रेडिओ लावा, कुणाशी तरी पोटभर बोला, जपाची सवय असेल तर जप करा, श्वास मोजा.

एक काका होते, इंजिनिअर. त्यांनी वही केली होती, शाळेची दोनशे पानी. डाव्या पानावर औषधाच्या वेळा आणि टिकमार्क, उजव्या पानावर रोज फक्त एक ओळ, आज काय वाटलं. चौथ्या दिवसाची ओळ होती "आज कुणाशीच बोलावंसं वाटत नाही." दहाव्या दिवसाची "भाजी आणायला गेलो, भाजीवालीने काही विचारलं नाही." मला ती वही इतकी आवडली की तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते.

त्रास वाढवणारं कोपिंग म्हणजे लपून बसणं, स्वतःला दोष देत राहणं ("एवढे पैसे घालवून हे ओढवून घेतलं") आणि संध्याकाळी दारूचा आधार. दारूने सूजही वाढते, तर तिथे मन आणि पापणी दोघांचंही नुकसान.

आरशात किती वेळा बघू? आणि रोज सेल्फी काढून ठेवला तर प्रोग्रेस कळेल ना?

दिवसातून दोनदा, ड्रॉप्स घालताना आणि रात्री तोंड पुसताना, हातभर अंतरावरून. भिंगाचा आरसा कपाटात ठेवा.

सेल्फी नकोच. फोन तोंडाजवळ धरला की जवळचं मोठं दिसतं, चेहऱ्याचं माप बिघडतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशोब करून दाखवलं होतं की फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळपास ३० टक्के रुंद भासतं. मग तोच फोटो झूम करून डाव्या-उजव्या पापणीतला फरक मोजत बसायचं, यात अर्थ आहे का? आठवड्यातून एकदा, एकाच जागी, खिडकीच्या उजेडात, दुसऱ्या कुणाकडून पाच फुटांवरून फोटो काढून घ्या. त्यात प्रोग्रेस खरंच दिसतो.

एक डोळा दुसऱ्यासारखा दिसत नाही. फसवलं का मला?

आधीचे फोटो काढा आणि बघा. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे असलेला माणूस मी तरी अजून पाहिला नाही, फक्त आपण आधी इतकं निरखून कधी बघितलेलं नसतं. शिवाय ज्या कुशीवर झोप जास्त होते त्या बाजूला सूज जास्त राहते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत डावं-उजवं करू नका. तीन महिन्यांनंतरही समोरच्याला न सांगता कळेल इतका फरक असेल तर मात्र सर्जनना दाखवायचाच.

"मी मी वाटत नाही." हे वेडेपणाचं लक्षण आहे का?

अजिबात नाही, आणि असं वाटलं की फार एकटं वाटतं, म्हणून हे मोकळेपणाने बोलावं.

वर सांगितलेल्या ३७ अभ्यासांच्या त्या आढाव्यात एक बारकावा होता. नाकासारखं ऑपरेशन, ज्यात चेहऱ्याची ओळखच बदलते, त्याला मनाने जुळवून घ्यायला जास्त वेळ लागतो. वयामुळे जे ढिलं पडलं ते परत जागेवर आणणाऱ्या ऑपरेशनला कमी, आणि आपल्याकडे पन्नाशी-साठीत होणारं पापणीचं ऑपरेशन या दुसऱ्या प्रकारातलं. बऱ्याच जणांना उलट जुना ओळखीचा चेहरा परत भेटल्यासारखं वाटतं. पण मध्ये काही आठवडे असे जातात की तुमचा चेहरा ना जुना असतो ना नवा.

आणि एक गोष्ट कधीकधी होते ती कुणी बोलत नाही. पेशंट म्हणतात, माझे डोळे आईसारखे होते. उतरत्या पापणीचे, जरा मिटल्यासारखे. ते गेले. एक ताई तर ऑपरेशन छान झालं असूनही आईच्या वर्षश्राद्धाला फोटोसमोर उभं राहून हुंदके देत होत्या. त्यांना डिप्रेशन नव्हतं, त्यांना दुःख झालं होतं, आणि त्या दुःखाला जागा द्यायला हवी होती. म्हणून आता मी आधीच विचारते, हे डोळे कुणासारखे आहेत हो? उत्तर देताना ज्यांचा आवाज बदलतो त्यांना सांगते, घाई करू नका, आणि सर्जनशी बोलून थोडी कमी कातडी काढून घ्या.

घरी, सोसायटीत, ऑफिसात सांगायचं का?

घरात सांगायचंच. घरच्यांपासून लपवून करणारे रिकव्हरीत फार एकटे पडतात आणि रात्री काही झालं तर गाडी काढायला कुणी नसतं. बाहेर सांगायचं की नाही ही तुमची मर्जी, "डोळ्याचं छोटं ऑपरेशन होतं" एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही.

लोक काय म्हणतील याची भीती सगळ्यांना असते, पण प्रत्यक्षात जास्त लागतं ते लोक काहीच म्हणत नाहीत हे. इतका त्रास काढला, पैसे गेले, आणि पहिल्या दिवशी ऑफिसात कुणाला कळलंसुद्धा नाही! कुणी म्हणतं केस कापलेस का, कुणी म्हणतं सुट्टी मानवली. पापणीचं काम नीट झालं की ते असंच दिसतं, ताजंतवानं, काय बदललं ते सांगता येत नाही. कौतुकाची वाट बघत असाल तर हे आधीच माहीत असू द्या. घरच्यांना माझी विनंती, पहिल्या आठवड्यात "आधीच बरी दिसत होतीस" हे वाक्य तोंडातून काढू नका. प्रेमाने म्हणता, कळतं, पण ते फार खोल जातं.

पुरुषांचं काय?

पुरुषही येतात, आणि पुष्कळदा "बायकोने पाठवलं" म्हणून सांगतात. त्यांना रडू आलेलं दिसत नाही, चिडचिड दिसते. ज्याच्या घरात अशी चिडचिड सुरू झालीय त्याने ती सूज-दुखण्याची आणि घाबरल्याची आहे असं धरून चालावं.

मला दिवसभर फक्त डोळ्यांचाच विचार येतो. ऑपरेशनच्या आधीही यायचा.

थांबा आणि हे नीट वाचा.

बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, थोडक्यात बीडीडी, नावाचा आजार आहे. इटालियन डॉक्टर एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्येच याचं वर्णन केलंय. दुसऱ्याला दिसतही नाही किंवा जेमतेम दिसतो असा दोष माणसाला स्वतःत भलामोठा दिसतो, त्याच्या विचारात दिवसाचा तास, दोन तास, जास्तही जातात, आरसा सारखा बघणं किंवा अजिबात न बघणं, दर माणसाला विचारणं, गॉगलशिवाय बाहेर न पडणं, कामाला-कॉलेजला जाणं बंद होणं. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोनेकांना असतो, कॉस्मेटिक सर्जरीसाठी येणाऱ्यांत त्याहून बराच जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑपरेशनने तो जात नाही. पापणी झाली की नजर नाकावर जाते, नाही तर त्याच पापणीवर परत परत ऑपरेशनं होतात. त्याला उपचार आहेत, सीबीटी नावाची, विचार-सवयी बदलायला शिकवणारी थेरपी आणि डिप्रेशनवरही देतात ती एसएसआरआय गटातली औषधं, आणि त्याने लोक खरंच बरे होतात.

या आजारात जीव द्यायचे विचार येण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून घरच्यांनी "फालतू लाड" म्हणून सोडून देऊ नये. सर्जननी तुम्हाला ऑपरेशनआधी सायकियाट्रिस्टकडे जायला सांगितलं तर तो अपमान समजू नका, त्यांनी तुमची फी सोडून तुमचा विचार केलाय.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. ऑपरेशनसाठी बंद करू का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. एसएसआरआय गोळ्यांनी रक्तस्रावाचा कल किंचित वाढू शकतो, त्यामुळे सर्जनना सांगायचंच, लपवायचं नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, आणि ऐन रिकव्हरीत आजार उलटणं. काय करायचं ते तुमचे सायकियाट्रिस्ट आणि सर्जन एकमेकांशी बोलून ठरवतील. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिश ऑइल, आयुर्वेदिक काढे-चूर्णं, सगळ्याची यादी द्या.

लगेच, म्हणजे आत्ताच्या आत्ता, दवाखान्यात कधी जायचं?

डोळा अचानक जोरात ठणकायला लागला, बाहेर आल्यासारखा वाटला, टणक लागला, किंवा नजर कमी झाली तर रात्रीचे तीन वाजलेले असले तरी निघायचं. डोळ्यामागे रक्त साचण्याची ही लक्षणं, साधारण दोन हजार ऑपरेशनांत एखाद्याला होतं आणि बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत. वेळ घालवला तर नजर कायमची जाऊ शकते. "सकाळी बघू" इथे चालत नाही. ताप, पू, वाढता लालपणा असेल तर त्याच दिवशी दाखवा.

मनाच्या बाबतीतही तसंच. जगून काय उपयोग असं वाटायला लागलं तर त्याच क्षणी घरात कुणाला तरी उठवा, आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

माझं मन ठीक आहे की नाही हे घरच्या घरी कळेल का?

अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रश्न आहेत, डब्ल्यूएचओ-५ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत-निवांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजं वाटलं का, आणि रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५ मार्क, सगळ्यांची बेरीज गुणिले ४. शंभरपैकी ५० च्या खाली आलं तर डॉक्टरांशी बोला. मी हे ऑपरेशनच्या आधी, दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी भरून घेते. दोन आठवड्यांनी मार्क घसरले तर झोपेचा प्रश्नच त्यात जास्त असतो. तीन महिन्यांनीही घसरलेलेच असले तर मी गप्प बसत नाही.

ऑपरेशनने आयुष्य बदलतं का?

डोळ्यांबद्दल वाटणारं बदलतं, आणि बऱ्यापैकी टिकतं. फोटोत मागे न लपणं, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलणं, कपाळ न दुखणं, हे छोटं वाटेल पण रोज मिळतं. मात्र ज्या बाईंनी नवरा परत जवळ येईल म्हणून केलं त्यांचा नवरा आला नाही. ज्यांनी प्रमोशनसाठी केलं त्यांना ते डोळ्यांमुळे मिळालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून मी विचारते, सहा महिन्यांनी तुम्ही कुठल्या दिवशी, कुठे, काय करत असाल जे आज करत नाही? "काजळ लावीन, पावसाळी ट्रिपच्या ग्रुप फोटोत पुढे उभी राहीन" असं उत्तर आलं की मला काळजी वाटत नाही.

मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आहे, उरकून घेऊ का?

नको. दोन महिन्यांत बहुतेकांचं ठीक होतं, पण तुम्ही बहुतेकांतल्या नसाल तर? केळवणं, खरेदी, जागरणं, धूर, अश्रू, हे सगळं ताज्या पापण्यांवर नको. लग्न होऊ दे, पाठवणीला पोटभर रडून घ्या, मग निवांत करा.

इन्शुरन्समध्ये बसतं का?

केवळ दिसण्यासाठी असेल तर नाही, आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. कातडीमुळे वरची नजर झाकली जात असेल तर फील्ड टेस्ट, म्हणजे नजर कुठवर पोचते ते मोजायची तपासणी, करतात, एकदा तशीच आणि एकदा पापणी टेपने वर उचलून, आणि फरक दिसला तर क्लेमचा प्रयत्न करता येतो. पैशाचं इथे लिहितेय कारण कर्ज काढून केलं तर हप्ता आठवत राहतो आणि पापणी कितीही छान झाली तरी आनंद होत नाही.

समाधान नाही झालं. परत करून घेऊ?

सहा महिने तरी काही नाही, खरी गरज असली तर सर्जनच लवकर सांगतील. परत परत कातडी काढली तर डोळा पूर्ण मिटेनासा होऊ शकतो, मग कोरडेपणा, जळजळ, रात्री मलम घालून झोपणं. तोपर्यंत सर्जनना भेटत राहा, भांडण झालं असेल तर दुसऱ्याचं मत घ्या, पण मत घ्या, लगेच तारीख घेऊ नका. माझ्याकडे एक ताई दर महिन्याला यायच्या, डावी पापणी परत करायची म्हणून. पाचव्या महिन्यात आल्या तेव्हा अर्धा तास सुनेबद्दल, नातवाच्या बाळंतविड्याबद्दल बोलल्या, चहा घेतला आणि दारापर्यंत जाऊन परत वळल्या, म्हणाल्या, "अहो, ते पापणीचं विचारायचं राहिलंच." मग जरा थांबल्या आणि म्हणाल्या, जाऊ दे, पुढच्या खेपेला बघू.